मधूनच बंद पडणारा एसी

आमच्या गाडीचा एसी बंद पडतो असं सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे चालतच नाही?" तसं असतं तर मी सुखी झालो असतो. जो एसी चालतच नाही, तो दुरुस्त करता येतो. आमचा चालायचा. घरून निघताना चालायचा, गॅरेजमध्ये चालायचा, आणि पेट्रोल पंपावर तर असा चालायचा की चाकांत हवा भरणारा माणूस उगीच माझ्या खिडकीशी रेंगाळायचा. मग मधूनच, त्याच्या मनाला येईल तिथे, तो बंद पडायचा. पंखा फिरत राहायचा, हवाही येत राहायची, पण ती बाहेरचीच, जरा गरम करून दिलेली.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. डोंबिवलीचा माणूस घामाला भीत नाही. पण त्या उन्हाळ्यात बायकोचं रेडिएशन चालू होतं. स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि आता शेवटचा टप्पा म्हणून शनिवार-रविवार सोडून रोज डोंबिवली पूर्वेहून ठाण्याला जायचं आणि परत यायचं. मशीनखाली झोपायला काही मिनिटं लागायची आणि येण्याजाण्याला अर्धा दिवस. दुसऱ्या आठवड्यानंतर तिच्या छातीची, काखेची आणि मानेच्या एका बाजूची कातडी उलथन्याचा चटका बसावा तशी लाल झाली. घाम तिथे उतरला की मीठ चोळल्यासारखा झोंबायचा. ती तक्रार करायची नाही. फक्त ओढणीचं टोक धरून मानेपासून दूर उचलून ठेवायची आणि हात दुखला की दुसरा हात लावायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला उद्या यायचं नाही."

"का?"

"रेडिएशनबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे येणंजाणं नको झालंय मला."

मला वाटलं, रात्रीतून हे डोक्यातून जाईल. पण सकाळी ती खरंच आली नाही. गाऊनमध्येच बसून लसूण सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच ठाण्याला जाऊन हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्या म्हणाल्या, "काका, यात खंड पडू द्यायचा नसतो. मधे दिवस गेले की झालेल्याचाही उपयोग कमी होतो. काहीही करा, पण त्यांना रोज आणा." काहीही करा, म्हणजे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं. बायकोचा आजार माझ्या हातात नव्हता. एसी होता. तो नीट झाला की ती येईल, आणि ती आली की बरी होईल, इतका सरळ हिशेब मी मांडला आणि कामाला लागलो.

मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटीचं काम केलं आहे. रंगाचा एखादा लॉट बिघडला की कारखान्यात सगळे एकदम जागे होतात. कोणी तापमान बदलतो, कोणी थिनर बदलतो, कोणी कच्चा माल देणाऱ्याला फोन करून शिव्या घालतो. मग लॉट सुधारतो आणि तो कशाने सुधारला ते कोणालाच कळत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडतो. आमच्या खात्यात पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघत बसायचं. या पद्धतीने वेळ लागतो आणि माणूस लोकांच्या नजरेत मंद ठरतो. मला त्याची सवय आहे.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना गाडी नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "गॅस."

आपल्याकडे पोट आणि एसी या दोन्हींचं निदान एकच असतं. मी तरीही गॅसपासून सुरुवात केली, कारण कुठून तरी करायची होती.

मानपाडा रस्त्याच्या आत एक गॅरेज आहे. मालक तिथलाच आगरी. जागा वडिलांची, शेड स्वतःची, गळ्यात जाड साखळी आणि बोलण्यात कसलीही घाई नाही. त्याने निळ्या-लाल नळ्यांची दोन घड्याळं लावून गॅसचा दाब बघितला आणि मान हलवली. "गॅस फुल हाय. गारीला काय पन नाय झालेला, साहेब. मस्त चाललाय एसी."

"इथे चालतो. रस्त्यात बंद पडतो."

"मंग इथंच बसा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी खरंच खुर्ची ओढली.

तरी त्याने आतली धूळ धरणारी जाळी काढून झटकली. तिच्यात पिंपळाचं एक अख्खं पान आणि एक पतंग निघाला. पतंग मेलेला होता, पण पंख शाबूत होते. त्याने तो मला पुरावा म्हणून दाखवला. मी म्हणालो, हा मधूनच बंद पडतो असं दिसत नाही, कायमचाच बंद पडलाय. त्याला विनोद आवडला. मग त्याने एक रिले बदलला. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला वीज देणारी छोटी काळी डबी. आणि म्हणाला, "आता जा बिनधास्त."

एसी दुरुस्त झाला असं सांगून बायकोला गाडीत बसवलं आणि मी बिनधास्त गेलो. शीळ रस्त्यावर काटईला मेट्रोच्या कामाला लावलेल्या पत्र्यांमध्ये गाड्या अडकल्या होत्या, तिथे एसी बंद पडला. मी मेट्रोबद्दल बोललो, मग रिलेबद्दल बोललो, मग गळ्यात साखळ्या घालणाऱ्या लोकांबद्दल बोललो. बायकोने ओढणी उचलून धरली. शीळफाटा ओलांडून मुंब्रा बायपासला गाडी वेगाने निघाली, तसा एसी आपोआप सुरू झाला.

पद्धतीचा फायदा असा की माणूस चिडलेला असतानाही बघत असतो. पुढचे दोन-तीन दिवस मी बघितलं. गाडी उभी राहिली की थोड्या वेळाने एसी जायचा. गाडी पळाली की यायचा. सकाळी लवकर, गारव्यात, उभ्या गाडीतही टिकायचा. याचा अर्थ एसीला वारा मिळत नव्हता. पळताना तो फुकट मिळतो, उभं राहिल्यावर एसीचा पुढचा पंखा देतो. हे मी गॅरेजवाल्याला सांगितलं. त्याने पुढची जाळी काढली, पंखा हाताने फिरवून बघितला, तो अर्धा फिरून अडकला, आणि मग तो बराच वेळ आत वाकून काहीतरी ओढत राहिला.

बाहेर आला तो दोरा. हिरवा नायलॉनचा दोरा, पंख्याच्या आसाभोवती गुंडाळलेला, हातभर तरी होता, आणि त्याला चिकटलेली झेंडूची दोन-तीन काळी पडलेली देठं.

हा दोरा आमच्या घरचा होता. दसऱ्याला झेंडूचे हार बायको स्वतः करते. फुलवाल्याच्या हारातला दोरा कच्चा असतो असं तिचं म्हणणं, म्हणून ती नायलॉनचा घेते. त्याने ओवलेला हार ओढून तुटत नाही. दाराला एक, फ्रिजला एक, बंद पडलेल्या स्कूटरला एक आणि गाडीच्या तोंडाला सगळ्यात मोठा. त्या दसऱ्याला आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. नेहमीपेक्षा मोठा हार केला होता तिने. नंतर तो सुकला. सुकलेला हार काढायला हवा, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं, पण पूजेची फुलं कचऱ्याच्या बादलीत टाकता येत नाहीत, ती खाडीत सोडायची, आणि खाडीवर जायचं तर रविवार लागतो. पुढचे रविवार कसे गेले ते मी सांगायला नको. फुलं एकेक करून गळून गेली आणि दोरा आत गेला. आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही गाडीचं तोंड दसऱ्यानंतर बघा, असा एक दोरा लोंबत असतो. आम्ही शिकलेली माणसं आहोत, इंजिनात दोरा जाऊ नये हे आम्हाला कळतं. पण ते निर्माल्य असतं.

गॅरेजवाल्याने कात्रीने कापून दोरा पूर्ण सोडवला आणि फेकायला हात उचलला, तेव्हा देठं दिसली. त्याने हात खाली घेतला. दोरा कपाळाला लावला, एका पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "देवाचा हाय. खारीत सोरा."

मी तसाच मोठागावच्या खाडीवर गेलो. तिथे प्लास्टिक टाकू नये असा फलक होता. नायलॉन प्लास्टिकमध्ये मोडतं की निर्माल्यात, यावर मी काही वेळ विचार केला आणि पिशवी घेऊन परत आलो.

घरी येऊन सांगितलं तर बायको इतकी हसली की तिला छातीला हात लावून बसावं लागलं. "म्हणजे माझ्याच हाराने," ती म्हणाली. "बघा, माझा दोरा. तुमच्या गाडीला पुरून उरला." ऑपरेशननंतर ती अशी हसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने गाडीत बसली. काटईच्या गर्दीत एसी चालला. पत्र्यांमध्ये उभे राहिलो तरी चालला. मला कारखान्यातल्यासारखं वाटलं, लॉट पास झाल्यावर वाटायचं तसं.

ते काही दिवस आमचा प्रवास आदर्श म्हणावा असा झाला. काचा वर, हॉर्न लांबून ऐकू येणारे, आत गारवा. ओढणी मांडीवर पडलेली असायची. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत गाडी चालवायचो. शीळफाट्याच्या पुढे कधीतरी ती म्हणायची, "काहीतरी बोला ना."

मी विचार करायचो. डोक्यात त्या दिवसांत एकच विषय होता, आणि तो गाडीत काढण्यासारखा नव्हता, घरातही नव्हता. मग मी विचारायचो, "गार होतंय ना?"

"होतंय."

असे आम्ही ठाण्याला पोचायचो.

आणि मग एके दिवशी मुंब्रा बायपासला, गाडी चांगली पळत असताना, एसी बंद पडला.

मला पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. पळत्या गाडीत बंद पडायचं त्याला काही कारण नव्हतं. मी तोंड सोडलं. गाडी बनवणाऱ्यापासून सुरुवात केली, ती विकणाऱ्यावर आलो, तिथून गॅरेजवाला, मग ज्याने मला हा रंग घ्या म्हणून सांगितलं होतं तो मित्र. खारेगाव येईपर्यंत मी थेट माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचलो होतो. त्यांनी लग्नात आम्हाला टेबलफॅन दिला होता आणि तोही मधूनच बंद पडायचा. "तुमच्या घराण्याचा आणि वाऱ्याचा काहीतरी जुना वाद आहे," मी म्हणालो.

ती हसायला लागली.

"हसतेस काय? घामाने काय होईल तुझं?"

"होऊ दे. फॅनचं पुढे सांगा. तो बाबांनी परत नेला होता ना?"

नेला होता. दुरुस्त करून आणतो म्हणून नेला आणि आणलाच नाही. ते मी पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. साकेत पुलावर एसी सुरू झाला.

त्यानंतर ठरावीक असं काही राहिलं नाही. कधी बायपासला, कधी खारेगावला, एकदा तर हॉस्पिटलच्या अगदी अलीकडे, खोपटच्या एसटी डेपोसमोर. उभ्या गाडीत जायचा, पळत्या गाडीत जायचा. गॅरेजवाल्याने सांगितलं, "बंद झाला की बटन दाबून पूर्ण बंद करा, जरा थांबा, मंग परत दाबा." मी तसं केलं. आणि इथे मला आयुष्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट दिसली. एसी गरम हवा देत असताना मी तो बटण दाबून बंद केला की गार हवा यायची. थोडं थांबून पुन्हा चालू केला की गरम. मी ठरवलं की ही आत कोंडून राहिलेली जुनी गार हवा असणार.

"बंद केल्यावर गार?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"हो."

"चालू केल्यावर गरम?"

"हो."

"असा नाय होत, साहेब."

"होतं," मी म्हणालो. "मी स्वतः बघितलंय."

बायको आजारी आहे हे त्याला माहीत होतं. त्याने चहा मागवला.

मी पद्धतीकडे वळलो. प्रथम एकटा शीळफाट्यापर्यंत जाऊन आलो. एसी चालला. दुपारच्या उन्हात गेलो, चालला. गॅरेजवाल्याला शेजारी बसवून बायपास फिरवून आणला, तोही चालला. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना नेलं. ते वाटभर गॅसबद्दल बोलत होते आणि एसी त्यांच्या बोलण्याला साथ दिल्यासारखा थंड होत गेला. म्हणजे वेळ नाही, ऊन नाही, वेग नाही, रस्ता नाही. सगळं वजा केल्यावर एकच गोष्ट उरत होती. एसी फक्त बायको गाडीत असताना बंद पडत होता.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. मी पुढे गेलो. बायको म्हणजे काय, असं मी स्वतःला विचारलं. गाडीच्या दृष्टीने ती डाव्या सीटवरचं वजन. सीटखालून वायर जात असेल आणि वजनाने दबत असेल. पण गॅरेजवाला तिच्या दुप्पट होता, तेव्हा दबली नाही. म्हणजे नेमक्या तिच्याच वजनाला काहीतरी होत असावं. मी वाण्याकडून तांदळाचं पोतं आणलं. केमोनंतर तिचं वजन बरंच उतरलं होतं, म्हणून पोत्यातले थोडे तांदूळ डब्यात काढून घेतले. ते काढताना मला बरं वाटलं नाही. हात सारखा थांबत होता.

पोतं सीटवर बसवलं. पट्टा लावला नाही तर गाडी ओरडते, म्हणून पट्टाही लावला. खाली तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले.

"कुठे निघालात?"

"शीळफाट्याला."

त्यांनी खिडकीतून बघितलं. "तांदूळ घेऊन?"

"हो."

संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती माझ्या बायकोला बघायला येऊन गेल्या आणि निघताना हळूच म्हणाल्या म्हणे, "मिस्टरांनाही जरा जपा."

पोत्यासोबत एसी उत्तम चालला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोतं हलत नाही आणि माणूस हलतो. ती अवघडून कूस बदलते, पाय जवळ घेते, तेव्हा एखादी सैल वायर सुटत असणार. हे निदान मी गॅरेजवाल्याला सांगितलं. तो आता माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हता. म्हणाला, सीट काढू, डॅशबोर्ड पूर्ण खोलू, सगळी वायर बघू. गाडी दोन दिवस तरी ठेवावी लागेल. रेडिएशनचा शेवटचा आठवडा यायचा होता. तेवढे दिवस भाड्याची गाडी करू, पण शेवटच्या आठवड्यात एसी धड हवा, कारण तेव्हा कातडी सगळ्यात वाईट होते असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाताना मी हे तिला सांगितलं. बायपास उतरलो होतो. एसी चालू होता, काचा वर होत्या, आणि इतका मोठा विषय निघाल्यामुळे मी त्या दिवशी एसी चालू असूनही बोलत होतो.

"डॅशबोर्ड खोलणार?" तिने विचारलं.

"हो."

"सगळा?"

"सगळा. त्याशिवाय वायर दिसणार नाही."

"आणि सीट?"

"तीही."

तिने हात पुढे करून एसीचं बटण दाबलं. हवा गरम झाली. तिने पुन्हा दाबलं. हवा गार झाली.

"झाली दुरुस्ती," ती म्हणाली. "नका खोलू."

मी खारेगावच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. त्या बटणावरचा दिवा गेलेला आहे, आम्ही गाडी घेतली त्याच्या दुसऱ्याच वर्षी गेला, त्यामुळे ते चालू आहे की बंद हे बघून कळत नाही. मला एवढंच सुचत होतं.

"कधीपासून?"

"दोरा निघाल्यापासून. त्याआधीचं मला ठाऊक नाही, ते गाडीचं."

"मला दिसलं कसं नाही?"

"तुम्ही उजवीकडच्या आरशात बघता तेव्हा दाबायचे. तुम्ही आरशात फार वेळ बघता."

"अगं पण घाम झोंबतो ना तुला?"

"झोंबतो की."

"मग?"

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. एक ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

"एसी चालू असला की तुम्ही बोलत नाही हो," ती म्हणाली. "काचा बंद. तुम्ही असे समोर बघत, ओठ आवळून. चकार शब्द नाही. मला वाटायला लागतं की मी गेलेच आहे आणि तुम्ही मला पोचवायला निघालात. बंद पडला की तुम्ही बडबडता. मेट्रोला शिव्या, बाबांना शिव्या, त्या फॅनचं पुन्हा पुन्हा. मग वाटतं, घरीच आहोत आपण. त्याच्यापुढे घामाचं काय एवढं?"

मी इतके दिवस सगळं तपासलं होतं. गॅस, रिले, पंखा, तांदूळ. त्या गाडीत जी एक वस्तू खरोखर मधूनच बंद पडत होती, तिला मी हात लावला नव्हता, कारण ती माझ्याच सीटवर बसलेली होती.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"तुला अजून घाबरवू नये म्हणून मी बोलत नाही."

"तेही ठाऊक आहे. पण तुम्ही गप्प बसलात की मला एकटीलाच घाबरावं लागतं."

काचेवर टकटक झाली. वाहतूक हवालदार होता. "ओ काका, इथे काय थांबलात? पुढे घ्या गाडी." मी गाडी पुढे घेतली.

आणि मग मी बोलायला लागलो. नीट बोलता येत नव्हतं, सवय नव्हती. साकेत पुलावर मी तिला सांगितलं की रात्री ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत पडलेला असतो. रिपोर्टचं पाकीट हातात आलं की मला ते उघडवत नाही, म्हणून तुझ्या चष्म्याने वाच असं सांगून मी ते तिलाच देतो. माजिवड्याला सांगितलं की परवा तांदूळ काढताना मला रडू यायला लागलं आणि ते दाबायला मी वाण्याच्या नावाने ओरडलो. मग सांगितलं की ती नसली तर त्या घरात मी नेमकं काय करायचं, कुठल्या खोलीत बसायचं, हे मला खरोखरच कळत नाही. मी ते विचार करून सांगत नव्हतो. जे येत होतं ते बोलत होतो, आणि मधूनमधून रिक्षावाल्यांना शिव्याही देत होतो, कारण ते मधे घुसत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. असं अभद्र बोलू नये, असं एकदाही म्हणाली नाही. फक्त खोपटला म्हणाली, "माझ्यामागे त्या पुढच्या खोलीतच बसा. तिथे वारा येतो." तिचे डोळे भरलेले होते.

हॉस्पिटलच्या दारात तिला उतरवलं. ती आत गेली. मी पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून गाडी लावली, काचा वर ठेवल्या, एसी चालू ठेवला आणि रडलो. लग्नानंतर एकदा, आई गेली तेव्हा रडलो होतो, त्यानंतर हेच. बाजूच्या गाडीतला ड्रायव्हर मोबाइलवर काहीतरी बघत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. अशा जागी ते नवीन नसावं.

मशीनचं काम लवकर आटोपलं. ती परत आली तेव्हा माझं आटोपलेलं नव्हतं. मी घाईघाईने रुमाल शोधू लागलो. तिने दार लावलं, पट्टा लावला, मानेवरची ओढणी काढून मांडीवर ठेवली.

"होऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."